पाजणाऱ्या आईचे अन्न : एक प्रस्तावना

वसईचे नाव मराठी वाचकाच्या मनात बहुधा दोन गोष्टींशी निगडित झालेले असते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेला किल्ला ही एक, आणि समुद्रकिनाऱ्याला लागून पसरलेल्या त्या सुपीक वाड्या ही दुसरी, ज्यांतील केळी, फुले, विड्याची पाने व भाजीपाला पिढ्यानपिढ्या मुंबईच्या बाजारात जात आला आणि ज्यांतील राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली सुकेळी आजही आप्तेष्टांना कौतुकाने धाडली जातात. याच तालुक्याचा पूर्वभाग मात्र पुष्कळांना अपरिचित आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडून तुंगारेश्वराच्या डोंगराच्या आणि तानसा नदीच्या बाजूस वळले, की पारोळ, उसगाव, मेढे, भाताणे, शिवणसई, सकवार ही गावे आणि त्यांचे विखुरलेले पाडे लागतात. तेथे वारली, कातकरी, मल्हार कोळी इत्यादी आदिवासी कुटुंबे थोडी भातशेती, थोडे रान आणि पुष्कळशी मोलमजुरी यांवर गुजराण करतात. पश्चिमेच्या बाजूस मात्र २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेची लोकसंख्या दोनच वर्षांनी झालेल्या खानेसुमारीत १२ लाखांच्या वर भरली. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्या जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक असल्याचे सरकारी दप्तराने नमूद केले. प्रस्तुत पुस्तकाचा विषय या सर्व उलथापालथीत जिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही अशी एक व्यक्ती आहे : पाड्यावरची, मूल अंगावर पाजणारी आई आणि तिच्या ताटात रोज पडणारे, किंवा न पडणारे, अन्न.

या प्रदेशातील भुकेविषयी महाराष्ट्राने काहीच ऐकलेले नाही असे नव्हे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंच्या वार्तेने साऱ्या राज्याची झोप उडविली. मंत्र्यांचे दौरे झाले, चौकशा झाल्या, आणि १९९५ साली आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजनेची तजवीज झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंची गणना नव्याने मांडली आणि सरकारी आकड्यांपेक्षा वास्तव किती भीषण आहे हे दाखवून दिले. हे सर्व कार्य अत्यावश्यक होते व त्याचे ऋण कोणीही विसरू नये. परंतु या तीन दशकांच्या वाङ्मयात, हुकुमांत आणि आराखड्यांत आई ज्या ज्या ठिकाणी येते, त्या त्या ठिकाणी ती बालकाच्या निमित्ताने येते. तिचे वजन कमी असेल तर मूल कमी वजनाचे जन्मेल म्हणून चिंता, तिचे रक्त कमी असेल तर प्रसूती बिघडेल म्हणून चिंता. मूल सुखरूप जन्मले आणि अंगावर पिऊ लागले, की तिच्याविषयीची चिंता ओसरते आणि दप्तरातील सारी पाने बाळाच्या नावाने उघडतात. ती आई स्वतः उपाशी आहे ही गोष्ट स्वतःच एक अन्याय आहे, त्याला बाळाच्या निमित्ताची जरुरी नाही, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या दुर्लक्षाचे एक कारण शरीरशास्त्रात दडलेले आहे, आणि ते नीट समजून घेतल्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत माता दिवसाकाठी सुमारे पाऊण लिटर दूध देते. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे त्यासाठी तिला नेहमीच्या आहाराहून रोज ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने अधिक मिळावयास हवीत. पाड्यावरच्या भाषेत बोलायचे तर नेहमीच्या जेवणाखेरीज आणखी दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे, तेही रोज. हे अन्न मिळाले नाही तर दूध थांबेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. डॉ. सी. गोपालन यांनी १९५० नंतरच्या दशकात कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत असताना दरिद्री भारतीय मातांच्या दुधाचा जो अभ्यास केला, त्यात अत्यंत तुटपुंज्या आहारावर राहणाऱ्या स्त्रियादेखील महिनोन्महिने पुरेसे म्हणावे इतके दूध देत असल्याचे आढळले. दुधातील प्रथिने, शर्करा आणि कॅल्शियम यांचे प्रमाण आईच्या ताटावर फारसे अवलंबून नसते. ताटात नसेल ते शरीर आपल्या मांसातून, मेदातून आणि हाडांतून काढून देते. दूध आटत नाही. आटते ती आई.

या नियमाला अपवाद आहेत आणि तेही महत्त्वाचे आहेत. ‘अ’ जीवनसत्त्व, ‘ब’ गटातील थायामिन, रायबोफ्लेविन व ‘ब-१२’, त्याचप्रमाणे आयोडीन, यांचे दुधातील प्रमाण मात्र आईच्या आहाराबरोबर खाली येते, म्हणून हिरव्या भाज्या, अंडी, मासे, दूध यांपासून वंचित राहिलेल्या मातेच्या बाळाची हानी डोळ्यांना न दिसता होत राहते. तरीही ठळक वस्तुस्थिती हीच, की कृश मातेचे दूधही बाळासाठी सर्वोत्तम असते. ‘तुझे दूध पातळ आहे, पोराला पुरत नाही’ असे म्हणून डब्याचे दूध आणि बाटली हाती देणारा शेजारी, दुकानदार वा चिकित्सक त्या घरावर दुहेरी संकट आणतो, कारण जेथे शुद्ध पाण्याची वानवा तेथे बाटली म्हणजे अतिसाराला आमंत्रण. डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला केंद्र सरकारने १९९२ सालच्या कायद्याने मनाई केली ती याच कारणास्तव. कृश मातेला पाहून करावयाचे काम एकच : दूध आईचेच राहू द्यावे आणि अन्न आईला द्यावे.

येथे एका शास्त्रीय वादाचा निर्देश अवश्य केला पाहिजे. आफ्रिकेतील गाम्बिया देशातील केनेबा या खेड्यात ब्रिटिश संशोधकांनी १९८० च्या सुमारास पाजणाऱ्या मातांना पूरक अन्न दिले, तेव्हा त्यांच्या दुधाच्या प्रमाणात लक्षणीय वाढ झाली नाही. मातांची स्वतःची प्रकृती मात्र सुधारली. ज्याच्या दृष्टीने आई हे केवळ दूध देण्याचे साधन आहे, त्याला या प्रयोगावरून अन्न व्यर्थ गेले असे वाटेल. ज्याच्या दृष्टीने आई ही मनुष्य आहे, त्याला हाच प्रयोग अन्न कोणाच्या उपयोगी पडते याचे निःसंदिग्ध उत्तर देतो. कोणत्याही योजनेचे फळ कोठे मोजावयाचे, हा निर्णय शास्त्राचा नसून नीतीचा असतो, आणि तो निर्णय आजवर आईच्या विरुद्ध जात आलेला आहे.

एका बाळंतपणातील हा ऱ्हास भरून निघू शकतो. दूध पाजण्याच्या काळात हाडांतील कॅल्शियमचा जो अंश खर्ची पडतो तो मूल अंगावरून तोडल्यानंतर हळूहळू परत येतो, रक्ताची भरपाई होते, अंगावर मूठभर मांस चढते. परंतु यासाठी अन्न हवे, विश्रांती हवी आणि दोन मुलांत अंतर हवे. ही तिन्ही जेथे नाहीत तेथे दुसरी गर्भधारणा पहिल्या ऱ्हासावर येऊन पडते आणि तिसरी दुसऱ्यावर. डेरिक जेलिफ या बालरोगतज्ज्ञाने १९६० नंतरच्या दशकात या अवस्थेचे वर्णन करून तिला मातृत्वामुळे होणारा शरीरक्षय असे नामाभिधान दिले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आणि सुमारे पाचांतील एक स्त्री उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली. या आकड्यांत मुंबई-पुण्याच्या सुस्थितीतील स्त्रियाही अंतर्भूत आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे कातकरी पाड्याच्या स्थितीची कल्पना वाचकाला सहज करता येईल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा जो अभ्यास केला, त्यात ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा होते त्यांची बाळे अधिक सुदृढ निपजली, आणि ज्यांना शेतात व घरात अतिश्रम पडत होते त्यांची बाळे लहान निपजली. अन्न आणि श्रम ही एकाच हिशेबाची जमा आणि खर्च अशी दोन अंगे आहेत. पुढील प्रकरणांत ती एकमेकांपासून वेगळी काढलेली नाहीत ती यामुळेच.

पाड्यावरच्या स्त्रीला अन्नाचे ज्ञान नाही, असा एक आरोप सुशिक्षितांच्या तोंडी वारंवार येतो. त्याचा येथे स्पष्ट शब्दांत इनकार केला पाहिजे. पांढरपेशा घरांत बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा आणि सव्वा महिन्याची विश्रांती देण्याची जी परंपरा आहे, तिच्या तोलामोलाची अशी अन्नपरंपरा या रानातही आहे. नागलीची भाकरी आणि आंबील, उडीद, तूर, पहिल्या पावसाबरोबर उगवणाऱ्या शेवळी, मग टाकळा, कुर्डू, कंटोळी, भारंगी, ओढ्यातले मासे व चिंबोऱ्या, कोरड्या दिवसांसाठी राखलेले सुकट आणि बोंबील, हे सर्व कॅल्शियम, लोह आणि प्रथिनांनी समृद्ध असे अन्न आहे व आजीला त्याची पूर्ण माहिती आहे. उणीव ज्ञानाची नसून ते अन्न हाती असण्याची आहे. जंगल कमी झाले, नागली-वरीची वरकस जमीन विकली गेली किंवा पडीक राहिली, आणि रेशनच्या तांदळाने पोट भरले तरी ताट एकसुरी झाले. काही घरांत बाळंतिणीला सुरुवातीचे दिवस डाळ, भाजी वा पुरेसे पाणीही वर्ज्य मानण्याची रीत आढळते, तिचा समाचार या पुस्तकात घेतलेला आहे. पण अशा समजुती दारिद्र्याच्या मूळ कारणाला झाकण्याकरिता पुढे करणे हे सत्याला सोडून होईल.

दारिद्र्याला येथे ऋतूही आहे. आषाढ ते भाद्रपद हे महिने, ज्या काळात कणगीतले धान्य सरलेले आणि नवे भात अजून हिरवे असते, ते या भागातील खरे उपासाचे महिने होत, आणि लावणीचे कंबरतोड कामही त्याच काळात येते. पूर्वी या दिवसांत सावकाराकडून खावटी काढावी लागे आणि सुगी होताच ती सवाई-दीडीने फेडावी लागे. डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीवर सरकारला सादर केलेल्या अहवालात या पिळवणुकीची नोंद आहे. गोदावरी परुळेकर यांनी १९४५ च्या वारली लढ्यात वेठीच्या विरुद्ध जे रणशिंग फुंकले आणि ज्याची हकीकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेवली, त्याच्या मुळाशीही हेच खावटीचे दुष्टचक्र होते. वेठ कायद्याने गेली. मजुरीपोटी आगाऊ घेतलेली उचल मात्र राहिली, आणि ती आता वीटभट्टीच्या मालकाकडून घेतली जाते.

वीटभट्टी हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतून आणि वसईच्या स्वतःच्या पाड्यांवरूनही कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडी, वाडा या भागांतील भट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. तेथे मजुरी एकट्या माणसाला मिळत नाही. ती जोडीला मिळते, आणि हजारी विटांच्या हिशेबाने मिळते. चिखल करणे, विटा पाडणे, कच्च्या विटा वाहणे यांत नवरा आणि बायको दोघांचे हात गृहीत धरलेले असतात, म्हणून बाळंतीण जितके दिवस झोपडीत थांबेल तितक्या विटा कमी भरतात आणि तितकी उचल अंगावर राहते. अशा हिशेबात सव्वा महिन्याची विश्रांती कोणाला परवडणार? जन्मून काही दिवस झालेले मूल झोळीत टाकून आई पहाटेपूर्वी कामास लागते, मध्येच येऊन त्याला पाजते, पाणी दुरून आणते, सर्वांचे जेवण रांधते, आणि उरलेले स्वतः खाते. दुधासाठी लागणाऱ्या ६०० कॅलरींच्या हिशेबात या श्रमाचा खर्च धरलेलाच नसतो.

मातेला सक्तीच्या श्रमातून काही काळ मुक्त करावे आणि त्या काळाचा भार समाजाने सोसावा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात स्त्री-कामगारांच्या प्रसूतिकालीन हक्काचे विधेयक चर्चेस आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली आणि मातेला विश्रांती देणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला, आणि तो या देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा ठरला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ज्या इलाख्यात ही न्यायाची परंपरा सुरू झाली त्याच भूमीवर विटा वाहणाऱ्या आईला आज एका दिवसाची भरपगारी रजा नाही, ही वस्तुस्थिती प्रत्येक विचारी नागरिकाला अस्वस्थ करील अशी आहे.

सरकारी तरतुदींचे मूल्यमापन करताना कृतज्ञता आणि कठोरता या दोहोंची गरज आहे. अंगणवाडीची कल्पनाच मुळी याच जिल्ह्याच्या मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन जे शिक्षण सुरू केले, त्यातून ती आकाराला आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेने ती देशभर नेली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भारपणात आणि प्रसूतीनंतर सहा महिने मोफत आहार हा मातेचा हक्क ठरविला, आणि २०१५ च्या अखेरीस महाराष्ट्राने अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू करून भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडे वा केळे असे चौरस गरम जेवण एक वेळ देण्याची व्यवस्था केली. हे जेवण अंगणवाडीत बसून जेवावयाचे असल्यामुळे ते घरातल्या सर्वांत वाटले जात नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. जेवण गावाच्या पटाला बांधलेले आहे आणि आई भट्टीवर आहे. कायद्याचा आहार सहा महिन्यांवर थांबतो, आणि पाजणे दोन वर्षे चालते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये पहिल्या अपत्यासाठी आहेत, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,००० रुपये मिळतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणाने जिचे शरीर सर्वाधिक खंगलेले आहे, तिच्यासाठी त्यात काहीच नाही. सर्वांत मोठी उणीव मोजमापाची आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केलेली घरोघरच्या नवजात बालसेवेची पद्धत आता देशभर रूढ झाली असून आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत वारंवार बाळंतिणीच्या घरी जाते. तिच्या पिशवीत बाळाचा ताणकाटा असतो. त्याच भेटीत आईचे वजन घेणे, तिच्या दंडाचा घेर फितीने मोजणे आणि ‘तू काल काय जेवलीस?’ एवढे विचारून ते नोंदवहीत लिहिणे, यास किती खर्च येणार आहे? डॉ. राणी बंग यांनी १९८९ साली गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील स्त्रियांच्या गर्भाशयादी रोगांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा दहांतील नऊहून अधिक स्त्रिया काही ना काही विकाराने ग्रस्त आढळल्या, आणि ज्याला कोणी विषयच मानीत नव्हते तो विषय जगासमोर आला. पाजणाऱ्या आईची भूकही अशीच मोजली गेल्यावाचून विषय होणार नाही.

पुढील प्रकरणांची रचना या विचाराला धरून आहे. प्रथम शरीर, मग अन्न, मग ऋतू, मग श्रम, आणि शेवटी हक्क. वैद्यकीय भाग सामान्य वाचकाला समजेल इतका सुलभ ठेवला आहे, आणि योजनांचे तपशील अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायतीच्या सदस्यांना तत्काळ उपयोगी पडावेत अशा बेताने दिले आहेत.

हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्यांना विनंती एवढीच, की त्यांनी ते वाचून बाजूला ठेवू नये. ग्रामपंचायतीत असाल तर पाड्यावरून भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीचे नाव तेथील अंगणवाडीच्या पटावर चढेल हे पाहा. भट्टीचे मालक असाल तर पहिले तीन महिने तिचे हात हिशेबात धरू नका आणि तितकी उचल माफ करा. आरोग्यसेवक असाल तर बाळाबरोबर आईलाही काट्यावर उभे करा. घरातले असाल, पती असाल वा सासू असाल, तर तिला सर्वांच्या आधी वाढा. मातेचे पोट भरण्यासाठी नवा शोध लागावयाचा राहिलेला नाही. अन्न आहे, कायदा आहे, अंगणवाडी आहे, आणि आता केवळ तिला मोजण्याची व वाढण्याची इच्छा हवी आहे.